उपसामान्य उपगट आणि सांत सोडवणीय गटांची रचना : प्रस्तावना

गणितातील ‘गट’ ही संकल्पना आज सममितीचे शास्त्र म्हणून शिकवली जात असली, तरी तिचा उगम बीजगणितातील एका जुन्या प्रश्नात आहे. तो प्रश्न असा की, दिलेल्या समीकरणाच्या उकली बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मूळ काढणे एवढ्याच क्रियांनी लिहून दाखवता येतात की नाही. वर्गसमीकरणाचे सूत्र शाळकरी मुलांना पाठ असते; तिसऱ्या आणि चौथ्या घाताच्या समीकरणांची सूत्रे सोळाव्या शतकात इटलीत सापडली; पाचव्या घातासाठी मात्र असे सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे रुफिनी याने 1799 मध्ये अपुऱ्या सिद्धतेनिशी मांडले आणि आबेल याने 1824 मध्ये सिद्ध केले. सूत्र कोठे असते, कोठे नसते आणि का नसते, याचे मूळ कारण ज्याने उलगडले तो एव्हारिस्त गाल्वा 1832 मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी मरण पावला आणि त्याचे लेखन लिऊव्हिल याच्या प्रयत्नाने 1846 मध्ये छापले गेले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : प्रत्येक समीकरणामागे त्याच्या उकलींच्या अदलाबदलींचा एक गट असतो, आणि तो गट ठरावीक पद्धतीने पायरीपायरीने उतरवता आला, तरच समीकरण मुळांच्या साहाय्याने सुटते. अशा गटांना ‘सोडवणीय’ हे नाव पडले ते त्यामुळेच.

येथे प्रस्तुत असलेला विषय त्या पायऱ्यांचा आहे. गट कोठे मोडतो एवढे सांगून हा विषय थांबत नाही. एखादा उपगट त्या पायऱ्यांवरून गाठता येतो की नाही, येत असेल तर किती पायऱ्यांत, आणि येत नसेल तर वाट नेमकी कोठे अडते, हे तो विचारतो. हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसला तरी सांत, म्हणजे मर्यादित घटकसंख्येच्या, सोडवणीय गटांची सगळी घडण त्याच्याभोवती उभी आहे, अशी पुढील विवेचनामागील धारणा आहे.

गट म्हणजे काय, हे व्याख्येने सांगण्यापूर्वी डोळ्यांसमोर एखादी आकृती असावी हे बरे. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे दरवर्षी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, आणि शेतात आखलेल्या घटात अठरा प्रकारची धान्ये गोलाकार मांडली जातात, हे बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला सांगण्याची गरज नाही. त्या मांडणीवरून पुढील हंगामाविषयी जे सांगितले जाते, त्याचा येथे संबंध नाही. धान्यांची नावेही क्षणभर बाजूला ठेवावीत आणि वर्तुळावर समान अंतराने असलेल्या अठरा जागा तेवढ्या पाहाव्यात. हे वर्तुळ वीस अंशांनी फिरवले तर प्रत्येक जागा शेजारच्या जागेवर येते आणि आकृती होती तशीच दिसते. चाळीस अंशांनी, साठ अंशांनी फिरवले तरीही तसेच. काहीच न फिरवणे हीसुद्धा एक हालचाल धरली तर अशी अठरा भ्रमणे होतात. त्याखेरीज मध्यातून जाणाऱ्या एखाद्या रेषेला अक्ष मानून आकृती उलटवता येते, आणि अशा उलटवण्याही अठराच आहेत : नऊ अक्ष समोरासमोरच्या दोन जागांतून जातात, तर नऊ अक्ष दोन जागांच्या बरोबर मधून. एकूण छत्तीस हालचाली झाल्या. यांतील कोणत्याही दोन हालचाली एकामागून एक केल्या तर तिसरी हालचाल याच छत्तिसांतली असते, आणि प्रत्येक हालचाल परत फिरवणारी हालचालही यांतच सापडते. क्रियेला बंदिस्त असलेला, काहीही न बदलणारा स्तब्ध घटक असलेला आणि प्रत्येक घटकाचा व्यस्त घटक असलेला संच म्हणजे गट. क्रियांचे साहचर्य हालचालींच्या बाबतीत आपोआपच मिळते. क्रमनिरपेक्षता मात्र गृहीत नाही. आधी फिरवून मग उलटवणे आणि आधी उलटवून मग फिरवणे यांचे फळ वेगळे येते, आणि या विषयातील सगळी गुंतागुंत, तशीच सगळी समृद्धी, या एका गोष्टीतून येते.

गटाच्या पोटात स्वतःच गट असलेला भाग म्हणजे उपगट. वरील छत्तीस हालचालींत केवळ अठरा भ्रमणे घेतली तर तो उपगट होतो. एकच उलटवणी आणि स्तब्ध घटक एवढे दोनच घेतले तरी तोही उपगटच. परंतु या दोन उपगटांची प्रकृती भिन्न आहे. एखादी हालचाल आधी करावी, मग उपगटातली हालचाल करावी, आणि शेवटी पहिली हालचाल परत फिरवावी. या तिन्हींचे एकत्रित फळ दर वेळी उपगटातच पडत असेल, तर तो उपगट ‘सामान्य’ म्हणावा. वर्गात यालाच नॉर्मल सबग्रुप म्हणतात. भ्रमणांचा उपगट सामान्य आहे, कारण भ्रमणाला बाहेरून कसेही पाहिले तरी ते भ्रमणच राहते. एकट्या उलटवणीचा उपगट सामान्य नाही, कारण वर्तुळ आधी वीस अंश फिरवले तर तिचा अक्ष दुसऱ्या जागेवर जातो आणि तिची जागा वेगळीच उलटवणी घेते. सामान्य उपगटाचे महत्त्व असे की, त्यातील सर्व घटक एकच मानून उरलेल्या गटाचे लहान चित्र, म्हणजे भागगट, तयार करता येते, आणि मोठा गट समजून घेण्याचे काम दोन लहान गटांवर सोपवता येते.

येथवरचा भाग कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. अडचण पुढच्या पावलावर येते, आणि ती अनेक विद्यार्थ्यांच्या नजरेतून निसटते. सामान्य उपगटाचा सामान्य उपगट मूळ गटात सामान्य असतोच असे नाही. चौरस रुमाल घ्यावा. त्याच्या सममितीच्या आठ हालचाली आहेत : चार भ्रमणे आणि चार उलटवण्या. एका कर्णावरची उलटवणी, दुसऱ्या कर्णावरची उलटवणी, अर्धा फेरा आणि स्तब्ध घटक या चौघांचा उपगट सामान्य आहे. त्या चौघांत कोणताही क्रम चालतो, म्हणून एकट्या कर्णावरच्या उलटवणीचा उपगट त्या चौघांच्या गटात सामान्यच आहे. तरीही पूर्ण आठांच्या गटात तो सामान्य नाही, कारण पाव फेरा एका कर्णाला दुसऱ्या कर्णावर नेतो. म्हणजे दोन पायऱ्यांनी तो गाठता येतो, एका पायरीने नाही.

अशा रीतीने मूळ गटापासून खाली उतरताना प्रत्येक उपगट आपल्या लगतच्या वरच्या उपगटात सामान्य असेल, तर सर्वांत खालच्या उपगटाला ‘उपसामान्य’ म्हणतात, आणि लागलेल्या कमीत कमी पायऱ्यांच्या संख्येला त्याची पायरीसंख्या म्हणता येईल. या संकल्पनेचा पद्धतशीर अभ्यास हेल्मुट व्हीलांट या जर्मन गणितज्ञाने 1939 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधापासून सुरू झाला.

पायऱ्या शोधण्याची एक हमखास रीत आहे. दिलेल्या उपगटाला सामावणारा सर्वांत लहान सामान्य उपगट आधी मूळ गटात काढावा, मग तीच कृती त्या उपगटात करावी, आणि असेच खाली जावे. ही साखळी अखेर दिलेल्या उपगटावर येऊन ठेपली तर तो उपसामान्य, वाटेत अडून बसली तर नाही. भेंडवळच्या वर्तुळावर ही रीत चालवून पाहण्यासारखी आहे. समोरासमोरच्या दोन जागांतून जाणाऱ्या अक्षावरची एक उलटवणी घेतली, तर पहिल्या पायरीत तिच्यासोबत त्याच प्रकारच्या उरलेल्या आठ उलटवण्या येतात आणि चाळीस अंशांच्या पटीतली नऊ भ्रमणे येतात, असा अठरा घटकांचा उपगट मिळतो. आता याच उपगटाच्या आत तीच कृती पुन्हा करावी, तर पुन्हा नऊच्या नऊ उलटवण्या येतात, एकही गळत नाही, आणि साखळी तेथेच थांबते. ही उलटवणी उपसामान्य नाही. पण वर्तुळावर अठराऐवजी सोळा जागा असत्या तर बत्तीस हालचालींच्या गटातून साखळी सोळा, आठ, चार आणि दोन अशी उतरत गेली असती आणि चौथ्या पायरीवर उलटवणी एकटी हाती लागली असती. दोन जागांच्या फरकाने एवढे कसे बदलले? सोळा हा निव्वळ दोनाचा घात आहे, अठरा म्हणजे दोन गुणिले नऊ, आणि त्या नवामुळे वाट अडली. उपसामान्यतेचा प्रश्न आकृतीचा वाटला तरी त्याचा निवाडा मूळ संख्या करतात. या विषयातली सर्वांत मनोहर गोष्ट हीच आहे, आणि वाचकाने ती कागदावर स्वतः अनुभवावी.

सोडवणीय गटाची व्याख्या आता एका वाक्यात सांगता येते. ज्या सांत गटातून अशा पायऱ्यांनी थेट स्तब्ध घटकापर्यंत उतरता येते, आणि प्रत्येक पायरीवरचा भागगट मूळ संख्येएवढ्या घटकांचा असतो, तो सोडवणीय. अठरा भ्रमणांच्या गटात या पायऱ्यांचे भागगट दोन, तीन, तीन असे असतात. क्रम तीन, दोन, तीन किंवा तीन, तीन, दोन असाही घेता येतो, पण संख्या त्याच राहतात. कोणत्याही सांत गटात शेवटपर्यंतच्या पायऱ्यांचे भागगट क्रम वगळता ठरलेलेच असतात, हा जॉर्दां आणि होल्डर यांचा सिद्धांत. पहिल्याने 1870 च्या सुमारास भागगटांच्या आकारांपुरता आणि दुसऱ्याने 1889 मध्ये पूर्ण स्वरूपात तो मांडला. चार उकलींच्या चोवीस अदलाबदलींचा गट दोन, तीन, दोन, दोन असा उतरतो, म्हणून चौथ्या घाताचे सूत्र अस्तित्वात आहे. पाच उकलींच्या सम अदलाबदलींचा साठ घटकांचा गट एकाही पायरीने उतरत नाही, कारण त्याला स्तब्ध घटक आणि स्वतः याखेरीज सामान्य उपगटच नाही. साठाहून कमी घटकांचा प्रत्येक गट सोडवणीय असतो.

व्हीलांटच्या कामाचा गाभा जोडणीच्या सिद्धांतात आहे. दोन उपसामान्य उपगटांचा समाईक भाग उपसामान्य असतो हे सहज दिसते. पण त्या दोघांनी मिळून निर्माण केलेला उपगटही, गट सांत असेल तर, उपसामान्यच असतो, हे सहज दिसत नाही. दोन साखळ्या वेगवेगळ्या पायऱ्यांनी खाली आलेल्या असतात आणि त्यांचा वरच्या टोकाशी मेळ बसेल याची वरकरणी काही हमी नसते. अनंत गटांत ही हमी खरोखरच मोडते. सांत गटांत ती टिकते, म्हणून सर्व उपसामान्य उपगट मिळून एक जाळी बनते, जिच्यात कोणत्याही दोन गाठींना खालून आणि वरून जोडणारी गाठ त्याच जाळीत सापडते. सामान्य उपगटांची जाळी फार विरळ असते आणि सर्व उपगटांची जाळी फार दाट. उपसामान्य उपगटांची जाळी या दोहोंच्या मधली आहे, आणि रचनेविषयी बोलायचे तर तीच सर्वांत बोलकी आहे.

सोडवणीय गटांत या जाळीचा पाया फिटिंग उपगट हा असतो. त्याआधी एक संज्ञा. ज्या सांत गटाचा प्रत्येक उपगट उपसामान्य असतो, त्याला ‘निल्पोटंट’ म्हणतात. एकाच मूळ संख्येच्या घाताएवढे घटक असलेले सर्व गट या वर्गात येतात, आणि इतर निल्पोटंट गट अशा गटांच्या सरळ गुणाकारातून तयार होतात. हान्स फिटिंग या अल्पायुषी गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा फिटिंग उपगट म्हणजे गटातील सर्वांत मोठा सामान्य निल्पोटंट उपगट. गटातला प्रत्येक उपसामान्य निल्पोटंट उपगट, मग तो कितीही पायऱ्या खाली असो, त्याच्याच पोटात असतो. फिटिंग उपगटातील सर्व घटकांबरोबर कोणत्याही क्रमाने घेतला तरी ज्याचे फळ तेच येते, असा प्रत्येक घटक त्या उपगटाच्या आतच सापडतो, असा सोडवणीय गटांचा खास गुण आहे. म्हणजे बाहेरचा प्रत्येक घटक फिटिंग उपगटावर काही ना काही दृश्य परिणाम करतो, आणि गटाचे उरलेले शरीर त्या परिणामांवरून वाचता येते. छत्तीसांच्या गटात अठरा भ्रमणे हाच फिटिंग उपगट आहे, आणि प्रत्येक उलटवणी त्यातील भ्रमणाची दिशा पालटते. ती उलटवणी उपसामान्य का नाही, याचे दुसरे उत्तर येथे मिळते : ती फिटिंग उपगटाबाहेर आहे.

तिसरे उत्तर सिलोच्या उपगटांतून येते. गटाच्या घटकसंख्येत एखाद्या मूळ संख्येचा जेवढा घात असतो तेवढ्या घटकांचे उपगट नेहमी असतात आणि ते एकमेकांची रूपांतरे असतात, हे सिलो याने 1872 मध्ये दाखवले. छत्तीसांत चार घटकांचे असे उपगट नऊ आहेत, आणि त्यांतील प्रत्येकात जागांतून जाणारी एकच उलटवणी आहे. उपसामान्य उपगट आणि मूळ गटाचा कोणताही सिलो उपगट यांचा समाईक भाग हा त्या उपसामान्य उपगटाचाच सिलो उपगट असतो, असा नियम आहे. निवडलेली उलटवणी नवांपैकी एकाच उपगटात सापडते, म्हणून ती कसोटीवर उतरत नाही. याचा व्यत्यास, म्हणजे सर्व मूळ संख्यांसाठी ही कसोटी उतरणारा उपगट उपसामान्य असलाच पाहिजे, हे केगेल आणि व्हीलांट यांचे अनुमान दीर्घकाळ सिद्धतेची वाट पाहत राहिले, आणि पीटर क्लाइडमन याने 1991 मध्ये ते सांत साध्या गटांच्या, म्हणजे स्तब्ध घटक आणि स्वतः याखेरीज सामान्य उपगट नसलेल्या गटांच्या, वर्गीकरणाच्या आधारे सिद्ध केले.

सिलोच्या पुढे सोडवणीय गटांसाठी फिलिप हॉल गेला. 1928 मध्ये त्याने दाखवले की सोडवणीय गटाची घटकसंख्या परस्पर मूळ असलेल्या दोन संख्यांत कशीही फोडली, तरी त्या प्रत्येक संख्येएवढा उपगट सापडतोच, आणि पुढे 1937 मध्ये हाच गुण सोडवणीयतेची ओळख आहे हेही दाखवले. साठांच्या त्या गटात पंधरा घटकांचा उपगट नाही. बर्नसाइडचा 1904 चा सिद्धांत, दोनच मूळ संख्यांनी भागल्या जाणाऱ्या संख्येइतके घटक असलेला गट सोडवणीय असतो असे सांगणारा, आणि विषम घटकसंख्येचे सर्व गट सोडवणीय असतात हा फाइट आणि टॉम्पसन यांचा 1963 चा सुमारे अडीचशे पानांचा सिद्धांत, यांचा उल्लेख येथे पुरे.

या साऱ्याचा मराठी माणसाशी जोडलेला धागा श्रीराम शंकर अभ्यंकर यांच्या कामात आहे. उज्जैन येथे 1930 मध्ये जन्मलेले, हार्वर्ड येथून 1955 मध्ये ऑस्कर झारिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवलेले आणि पुढे पर्ड्यू विद्यापीठात दीर्घकाळ शिकवलेले अभ्यंकर यांनी 1976 मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. 2012 मध्ये त्यांचे निधन झाले. 1957 मधील एका निबंधात त्यांनी गाल्वाचा प्रश्न उलट दिशेने आणि एका अनोळखी प्रदेशात विचारला. ज्या संख्याव्यवस्थेत एखाद्या मूळ संख्येइतके एक मिळवले की शून्य होते, अशा बीजगणितीय दृष्ट्या बंद क्षेत्रावरील सरळ रेषेची कोणकोणत्या गटांची आवरणे, म्हणजे रेषेवर सर्वत्र सारख्या पदरांनी पसरलेले वक्र, असू शकतात? संमिश्र संख्यांवर या रेषेचे एकही खरे आवरण नसते. अभ्यंकरांचे अनुमान असे की, त्या मूळ संख्येच्या घाताएवढ्या क्रमाचे, म्हणजे तितक्या वेळा केल्यावर स्तब्ध घटकावर येणारे, घटक ज्या सांत गटाला पूर्ण निर्माण करतात, नेमके तेच गट येथे येतात. छत्तीसांचा गट उलटवण्यांनी निर्माण होतो, म्हणून ती मूळ संख्या दोन असेल तर तो या कसोटीला उतरतो. तीन असेल तर नाही, कारण तीनाच्या घाताच्या क्रमाचे घटक मिळून केवळ नऊ भ्रमणे देतात.

या अनुमानाचा पहिला मोठा भाग, सोडवणीय गटांचा, ज्यां-पिएर सेर याने 1990 मध्ये सिद्ध केला. त्याची रीत पायऱ्यांचीच आहे : भागगटाचे आवरण हाती आले की सोडवणीय सामान्य उपगटाची पायरी चढून पूर्ण गटाचे आवरण बांधता येते, मात्र वरील अट पाळली गेली पाहिजे. रेषेसाठीचा उरलेला भाग मिशेल रेनो याने आणि त्याहून व्यापक वक्रांसाठीचा भाग डेव्हिड हारबेटर याने 1994 मध्ये पूर्ण केला. उपगटांच्या पायऱ्या हे निव्वळ वर्गीकरण नसून बांधकामाचे साधन आहे, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. अभ्यंकरांना माध्यमिक शाळेतील बीजगणिताविषयी असलेली आस्था त्यांच्या लेखनात उघड दिसते, आणि सोप्या समीकरणांतून अवघड गट काढून दाखवण्याचा त्यांचा ध्यास मराठी विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असा आहे.

एका गैरसमजाला मात्र येथेच उत्तर द्यायला हवे. पायऱ्या सापडल्या म्हणजे गट समजला, असे नाही. केवळ 512 घटकांचे वेगवेगळे गट 1,04,94,213 आहेत, आणि त्या प्रत्येकाच्या पायऱ्यांचे भागगट नऊ वेळा दोन एवढेच. विटा त्याच असल्या तरी घरे वेगळी असतात. विटा कशा जोडल्या आहेत, कोणता थर कोणाला हलवतो, हे पाहण्यासाठीच फिटिंग उपगट, हॉलचे उपगट आणि उपसामान्य उपगटांची जाळी ही साधने लागतात.

भाषेविषयी एक शब्द. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकणारा जळगाव जामोदचा विद्यार्थी वर्गात इंग्रजी संज्ञा ऐकतो, घरी वऱ्हाडी बोलतो आणि मनातल्या मनात विचार करतो तो मराठीत. म्हणून येथे गट, उपगट, सामान्य आणि उपसामान्य हे शब्द सरसकट वापरले आहेत. निल्पोटंटसारखा शब्द मात्र तसाच ठेवला आहे, कारण त्याला ओढूनताणून दिलेले मराठी रूप समजुतीत भर घालत नाही.

वाचकाने पुढे जाण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि चौरस रुमालाच्या आठ हालचालींचे सर्व उपगट त्यावर मांडावेत. ते दहा आहेत. त्यांपैकी चार सामान्य नाहीत, आणि त्या चारही उपगटांपर्यंत नेणाऱ्या दोन-दोन पायऱ्या स्वतःच्या हाताने आखाव्यात.